बुरूज एकटा नसतो

कोर्सिकाच्या पश्चिम किनाऱ्यावर, पोर्तो गावातल्या तांबड्या खडकावर एक चौकोनी टेहळणी बुरूज उभा आहे. जेनोआच्या राजवटीत, सोळाव्या शतकात बांधलेला. पर्यटक धापा टाकत वर येतात, आखाताचे फोटो काढतात आणि खाली उतरतात. देखावा अप्रतिम आहे, यात वादच नाही. पण बुरूज कशासाठी होता, हे त्या फोटोतून कळत नाही.

त्या काळी अल्जियर्स, ट्युनिसकडचे चाचे या बेटावर उतरत, गावे लुटत, माणसे धरून नेऊन गुलाम म्हणून विकत. तुर्गुत रईससारखा नामांकित दर्यावर्दी १५४० मध्ये इथेच, जिरोलाताजवळ पकडला गेला. चार वर्षांनी खंडणी भरून सुटला आणि पुन्हा समुद्रावर आला. अशा शत्रूपुढे एकटादुकटा बुरूज काय करणार? म्हणून १५३० नंतर किनाराभर बुरुजांची साखळी उभी राहिली.

बहुतेक बुरूज गोल. दार जमिनीपासून बरेच उंच. शिडी वर ओढून घेतली की वाट बंद. तळाशी पावसाच्या पाण्याचे टाके, माथ्यावर गच्ची. दोन ते सहा पहारेकरी तिथेच राहत. शिधा आणायला एका वेळी एकानेच जायचे, तेही फार तर दोन दिवस. अनोळखी गलबत दिसले की गच्चीवर जाळ नाहीतर धूर करायचा. तो पाहून पुढचा बुरूज पेटायचा आणि रानातली माणसे गुरांसह डोंगराकडे पळायची.

नाव मात्र झाले या साखळीतल्या मॉर्तेलाच्या बुरुजाचे. फेब्रुवारी १७९४ मध्ये त्याने दोन ब्रिटिश युद्धनौकांना पिटाळले. एकीवर ७४ तोफा, दुसरीवर ३२. बुरुजावर जेमतेम तीन. शेवटी जमिनीवरून मारा केल्यावरच तो पडला. त्याचा धसका घेतलेल्या इंग्रजांनी पुढे आपल्या किनाऱ्यांवर ‘मार्टेलो’ बुरूज बांधले. गोष्ट जबरदस्त आहे, सांगावीच. पण तिच्यामुळे पहारेकरी झाकोळले, हे बरे नाही. त्यांचा पगार आसपासच्या गावांच्या करातून निघे. गावकरी स्वतःच्या सुरक्षेची किंमत स्वतः मोजत होते.

म्हणूनच या बुरुजांची डागडुजी सुटी सुटी होऊ नये. एका बुरुजावरून दुसरा दिसण्याची वाट मोकळी राहायला हवी. मध्ये इमारत आली, तर दोन्ही बुरूज शाबूत असूनही साखळी तुटते. आणि गच्चीवर फलक लावायचाच असेल, तर पुढचा बुरूज कोणत्या दिशेला आणि पहाऱ्याचा खर्च उचलणारी गावे कोणती, हे त्यावर आधी लिहावे.