मेंटेनन्स कोण भरणार?

माणूस तोच, मेंदू तोच, एमआरआयची प्रतिमाही तीच. तरीही मेंदूच्या एखाद्या भागाचे आकारमान दोन संगणकांवर वेगवेगळे निघाले, तर विश्वास कशावर ठेवायचा? नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात नेमके हेच तपासले होते. मेंदूच्या प्रतिमांवरून मोजमापे काढण्यासाठी ‘फ्रीसर्फर’ हे सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते. त्याच्या नव्या आणि जुन्या आवृत्त्यांनी दिलेल्या आकारमानांत सरासरी ८.८ टक्क्यांचा फरक निघाला. संगणकाचा प्रकार बदलला, किंवा संगणक तोच ठेवून फक्त ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती बदलली, तरीही आकडे हलले. तो फरक साधारण निम्मा होता, एवढेच. अल्झायमरसारख्या आजारात संशोधक वर्षभरात झालेली काही टक्क्यांचीच घट शोधत असतात. ती घट आजारामुळे झाली की संगणकामुळे दिसली, हा प्रश्न मग किरकोळ राहत नाही.

यावर विज्ञानाला सापडलेला एक चांगला तोडगा म्हणजे ‘कंटेनर’. विश्लेषण करणारा प्रोग्राम, त्याला लागणारी इतर सॉफ्टवेअर, त्यांच्या नेमक्या आवृत्त्या हे सगळे एकत्र बांधून ठेवायचे आणि ते गाठोडे जसेच्या तसे दुसऱ्या संगणकावर उघडायचे. विषाणूंचे आणि माणसाचे जनुकीय क्रम तपासणाऱ्या अनेक कार्यप्रणाली आज अशाच चालतात. प्रयोगशाळांच्या मोठ्या संगणकांसाठी अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत ‘सिंग्युलॅरिटी’ हे कंटेनर सॉफ्टवेअर जन्मले. २०२१ मध्ये ते लिनक्स फाउंडेशनकडे आले आणि आता ‘ॲपटेनर’ या नावाने ओळखले जाते.

कंटेनर कसा चालतो, हे चाळीच्या उदाहरणाने चटकन कळते. एका संगणकात दुसरा आख्खा आभासी संगणक उभा करणे म्हणजे प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र बंगला बांधून देणे. कंटेनर म्हणजे चाळीतली खोली. दार आपले, कुलूप आपले. पण पाया, जिना आणि पाण्याची टाकी सर्वांची एकच. हा सामायिक पाया म्हणजे लिनक्सचा गाभा, म्हणजेच कर्नल. खोल्यांच्या भिंतींना ‘नेमस्पेस’ म्हणतात. शेजारच्या खोलीत काय चालले आहे ते त्यांच्यामुळे दिसत नाही. कोणाला किती पाणी मिळेल, हे ‘सीग्रुप’ ठरवतात. त्यांचे काम २००६ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी सुरू केले आणि जानेवारी २००८ मध्ये ते लिनक्समध्ये आले. त्याच वर्षी हे सगळे भाग एकत्र वापरणारा ‘एलएक्ससी’ हा मुक्तस्रोत प्रकल्प उभा राहिला. २०१३ मध्ये गाजावाजा होऊन आलेले ‘डॉकर’ सुरुवातीला याच एलएक्ससीवर उभे होते.

चाळीचा फायदा हाच तिचा धोकाही असतो. पाया एक असेल तर एका खोलीतली गळती सगळ्यांना भोवते. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘रनसी’ या छोट्या प्रोग्राममध्ये एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. डॉकर आणि कुबरनेटिससारख्या मोठ्या यंत्रणा कंटेनर प्रत्यक्ष सुरू करण्याचे काम याच प्रोग्रामकडे सोपवतात. कंटेनरमध्ये शिरलेल्या हल्लेखोराला बाहेरची रनसी फाइलच बदलून संपूर्ण यजमान संगणकाचा ताबा घेता येत होता. म्हणजे एका भाडेकरूने आतून आख्ख्या चाळीच्या किल्ल्या बनवून घेण्यासारखे. त्याच त्रुटीचा एक प्रकार एलएक्ससीलाही लागू होता. दोन्ही प्रकल्पांची देखभाल करणाऱ्यांनी मिळून ती दुरुस्त केली. २०२४ आणि २०२५ मध्येही रनसीत कंटेनरबाहेर पडता येईल अशा त्रुटी सापडल्या, आणि त्याही बुजवल्या गेल्या.

हे बुजवणारे कोण? इथे ‘एलएक्सडी’ची गोष्ट सांगावी लागते. एलएक्ससीचा वापर सोपा करणारे हे सॉफ्टवेअर उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने २०१४ मध्ये जाहीर केले. पुढे ते एलएक्ससीच्याच सामुदायिक प्रकल्पाच्या छत्राखाली वाढले. जुलै २०२३ मध्ये कंपनीने ते तिथून काढून पूर्णपणे आपल्याकडे घेतले. त्याचे प्रमुख विकासक स्टेफान ग्राबर यांनीही त्याच महिन्यात कंपनी सोडली. ऑगस्टमध्ये अलेक्सा सराई यांनी त्याची स्वतंत्र शाखा काढली, तिचे नाव ‘इन्कस’. गडगडाटी ढगाच्या ऐरणीसारख्या सपाट माथ्याला हवामानशास्त्रात हाच शब्द आहे. मूळ सामुदायिक प्रकल्पाने ही शाखा आपलीशी केली. वर्षअखेरीस कॅनॉनिकलने एलएक्सडीचा परवाना बदलला, आणि तिथल्या नव्या सुधारणा इन्कसला जुन्या परवान्याखाली उचलता येईनात.

कंपनीने केले ते तिच्या हक्कात होते, आणि तिने वर्षानुवर्षे विकासकांचे पगार दिले, हेही खरेच. पण या प्रसंगातून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, कोड मुक्त असल्यामुळेच प्रकल्प मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहिला नाही. दुसरी वाट काढता आली. दुसरी अशी की, ती वाट परवान्याने आपोआप निघाली नाही. हा कोड आतून-बाहेरून ओळखणारी मोजकी माणसे काम उचलायला तयार होती, म्हणून ती निघाली. ती नसती तर परवाना हातात राहिला असता आणि चाळ ओस पडली असती.

मोजक्याच माणसांवर भार टाकला की काय होते, हे मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिले. ‘एक्सझेड’ हे फाइली लहान करणारे साधे सॉफ्टवेअर असंख्य लिनक्स संगणकांत असते. त्याची देखभाल मुख्यतः एकच माणूस विनामोबदला करत होता. त्याच्या थकव्याचा फायदा घेत कोणीतरी दोन-अडीच वर्षे मदतनीस म्हणून विश्वास कमावला आणि शेवटी त्यात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन होण्यास अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे खटकले म्हणून तो उघडकीला आला. सुरक्षेची अशी मदार एका चौकस माणसाच्या अर्ध्या सेकंदावर असणे शहाणपणाचे नाही.

‘कंटेनर एकदा बांधून ठेवला की काळजी मिटली’ हा समजही इथे मोडून काढायला हवा. सीलबंद गाठोड्यात जुन्या आवृत्त्या जपल्या जातात, तशा त्यांच्यातल्या जुन्या त्रुटीही जपल्या जातात. शिवाय खालची जमीन हलत असते. सीग्रुपची दुसरी पिढी लिनक्समध्ये आल्यावर पहिली पिढी हळूहळू बाद होत चालली आहे. जुन्या व्यवस्थेवर बेतलेले काही कंटेनर नव्या यजमान संगणकावर सुरूच होत नाहीत. दहा वर्षांपूर्वीचा निष्कर्ष पुन्हा पडताळता यावा, यासाठी जुने गाठोडे जपावे लागते आणि ते उघडणारे नवे सॉफ्टवेअरही जिवंत ठेवावे लागते. यातले दुसरे काम कोणत्याही शोधनिबंधात दिसत नाही.

आता आपल्याकडे पाहू. रुग्णालय एमआरआय यंत्र घेते तेव्हा वार्षिक देखभाल कराराची, म्हणजे एएमसीची, रक्कम आधीच धरली जाते. सूक्ष्मदर्शकाचे, शीतगृहाचे तसेच. मात्र त्या यंत्राच्या प्रतिमा ज्या सॉफ्टवेअरवर तपासल्या जातात, ते मुक्तस्रोत असेल तर ‘फुकट’ या एका शब्दात विषय संपतो. फुकट आहे ते वापरण्याचे शुल्क. दुरुस्तीचे श्रम फुकट नाहीत. ते फक्त आपल्या अंदाजपत्रकाबाहेर, दुसऱ्या कोणाच्या तरी रात्रीत आणि रविवारात पडतात.

‘मोठ्या कंपन्या अब्जावधी कमावतात, त्यांनीच भरावे’ असे कोणी म्हणेल. त्यांनी भरावेच, आणि काही भरतातही. पण कंपनीला जे विकायचे आहे त्यासाठी ती पैसे देणार. एखाद्या विद्यापीठाच्या जुन्या संगणकसंचाची चिंता ती का करील? सार्वजनिक गरजेसाठी सार्वजनिक पैसा लागतो. जर्मनीने २०२२ मध्ये अशा पायाभूत सॉफ्टवेअरसाठी सरकारी निधी उभारला. आपल्या देशात झेरोधाने २०२४ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलर देण्याची योजना जाहीर केली. एका खासगी कंपनीला जे सुचले, ते विज्ञानाला निधी देणाऱ्या आपल्या संस्थांना अवघड नसावे.

त्यासाठी अगडबंब योजनेची गरजही नाही. मोठ्या संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक संशोधन प्रकल्पात सॉफ्टवेअर देखभालीची एक ओळ असावी, आणि तिचा काही भाग मूळ प्रकल्पाकडे जावा. संस्थेच्या संगणक अभियंत्याने सापडलेली त्रुटी स्वतःपुरती झाकून न ठेवता मूळ प्रकल्पाला दुरुस्ती पाठवावी. त्यासाठीचे तास कामाचेच धरले जावेत. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून दर वर्षी नवे ॲप बनवून घेण्यापेक्षा चालू प्रकल्पातल्या चार त्रुटी दुरुस्त केलेल्या विद्यार्थ्याला तेवढेच गुण मिळावेत. आणि यंत्रणा चालवणाऱ्यांनी निदान दीर्घकाळ आधार असलेल्या आवृत्त्या वापरून त्या वेळेवर अद्ययावत ठेवाव्यात. एप्रिल २०२४ मधील इन्कस ६.० ला जून २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. पाच वर्षे कोणीतरी शब्द पाळणार, तर आपण बटण तरी दाबावे.

सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येकाला मेंटेनन्स म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. लिफ्ट बंद पडली नाही म्हणून त्या महिन्याचे पैसे कोणी थांबवत नाही. ती बंद पडू नये म्हणूनच ते भरायचे असतात. आपले विज्ञान आणि आपले आरोग्य आज ज्या इमारतीत राहायला गेले आहे, तिथे आपण अजून पाहुण्यासारखे वागतो आहोत. आता सभासद होण्याची वेळ आली आहे.