घड्याळाला आजीचे कष्ट दिसतात का?

सालेकसा तालुक्यातील कचारगड हे गोंड बांधवांचे मोठे श्रद्धास्थान आहे. दर माघ पौर्णिमेला तिथे यात्रा भरते. धनेगावपासून जंगलातून, डोंगर चढून गुहेपर्यंत जावे लागते. एका यात्रेत आम्ही काही परिचारिका मैत्रिणी प्रथमोपचाराची पेटी घेऊन पायथ्याशी बसलो होतो. सत्तरी ओलांडलेली एक आजी नातवासोबत गड चढून उतरली. डोक्यावर गाठोडे, एका हाताने ते धरलेले, दुसऱ्या हातात काठी. नातवाने हौसेने आपले डिजिटल घड्याळ तिच्या गाठोडे धरलेल्या हातावर बांधले होते. खाली आल्यावर त्याने आकडा पाहिला. त्याच्या खिशातल्या फोनने जितकी पावले मोजली होती, त्याच्या निम्मीही घड्याळात नव्हती. आजी हसली. म्हणाली, "घड्याळाले काय समजते, सिस्टरबाई? माया गुडघ्याले इचारा."

आम्ही ही गोष्ट हसण्यावारी नेत नाही. आता आपल्या वस्त्यांतही मुले आईवडिलांना अशी घड्याळे आणून देतात. आशाताई मोबाइलवर आपली माहिती भरून घेतात. म्हातारी माणसे किती हालचाल करतात हे यंत्र ठरवू लागले आहे, आणि त्यावरून सल्लेही दिले जातात. म्हणून मोजणी कशी होते हे आपल्याला कळले पाहिजे.

घड्याळात हालचाल ओळखणारी एक बारीक चिप असते. हाताला एका लयीत झोका बसला की ती पाऊल धरते. हात गाठोड्यावर, काठीवर किंवा हातगाडीच्या दांड्यावर स्थिर असला, चाल मंद असली, पाय ओढत चालले, तर बरीच पावले निसटतात. धानाच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणी करणारी बाई घड्याळाच्या लेखी जवळजवळ बसूनच असते. सरपण फोडणे, पाणी भरणे, मोहफुले वेचणे यांचीही तीच गत. हात मोकळे सोडून बागेत फेरी मारणारा माणूस मात्र पुरेपूर मोजला जातो. यंत्र कुणाचा द्वेष करत नाही. पण ते बनवताना कुणाला समोर ठेवले, हे त्याच्या चुकांवरून दिसते.

दहा हजार पावलांचा आकडाही असाच. १९६५ मध्ये जपानमधील एका कंपनीने पावले मोजायचे यंत्र बाजारात आणले आणि त्याचे नावच 'दहा हजार पावलांचे मापक' ठेवले. आकडा तिथून पसरला. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७ हजार स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी दिसले, आणि साधारण ७,५०० पावलांनंतर फायदा वाढेनासा झाला. म्हणजे दहा हजार झाले नाहीत म्हणून कुठल्याही आजीने खंत करू नये.

आता सरकारी फॉर्मकडे पाहू. आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा 'सीबॅक' फॉर्म भरतात. त्यात आठवड्याला किमान १५० मिनिटे शारीरिक हालचाल होते का, असा एकच प्रश्न आहे. 'नाही' म्हटले की एक गुण वाढतो. एकूण गुण चारपेक्षा जास्त झाले की तपासणीसाठी प्राधान्य मिळते. आमचा अनुभव असा की हा प्रश्न कानावर 'व्यायाम करता का' असाच पडतो. मग आयुष्यभर मजुरी केलेली बाई 'नाही' म्हणते, आणि तिला सल्ला मिळतो की रोज फिरायला जा. तिच्या दुखऱ्या गुडघ्याचे, अंगात रक्त कमी असल्याचे, मागच्या महिन्यात ती पडल्याचे मात्र त्या उत्तरातून काहीच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत कामातली हालचाल, ये-जा करतानाची हालचाल आणि फावल्या वेळातली हालचाल असे तीन भाग वेगळे विचारले आहेत. तसे आपल्याकडे का विचारू नये?

पण आपल्याच माणसांनाही एक सांगायला हवे. "आम्ही कष्टाची माणसे, आम्हाला व्यायाम कशाला?" हे आम्ही घरोघरी ऐकतो. डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे एक लाखाहून अधिक लोकांच्या अभ्यासात, २०२१ मध्ये, असे दिसले की फावल्या वेळातील हालचालीने हृदयाचे रक्षण होते, पण कामातील जड श्रमाने तसे होत नाही, उलट धोका वाढलेला दिसतो. कष्टात शरीराला विसावा नसतो. किती उचलायचे, कधी थांबायचे हे मजुराच्या हातात नसते. आणि दिवसभर विडी वळणारी बाई कष्ट करते हे खरे, पण तिचे पाय तासन्‌तास मांडीतच असतात. तिथे घड्याळ 'हालचाल कमी' म्हणाले तर ते चुकीचे नाही. म्हणून यंत्राने पावलांसोबत श्रम, विसावा आणि बैठक तिन्ही वेगळे दाखवले पाहिजे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. असे यंत्र किंवा अ‍ॅप गावात आणण्याआधी ते आपल्या वस्तीतील, पाड्यावरील काठी टेकणाऱ्या माणसांवर तपासा. ते कमरेला बांधता येऊ द्या. मराठीत आणि गोंडीत बोलू द्या, कारण वाचता न येणाऱ्या आजीला आकड्यांचा उपयोग नाही. नेटवर्क नसतानाही चालू द्या. माहिती कुणाकडे जाते हे आधी सांगा आणि संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही तशी तरतूद आहे. अंगठा लावण्याआधी "हे कशासाठी?" असे विचारायला लाजू नका. आणि या कामाचा जास्तीचा भार आशाताईंवर फुकटात टाकू नका.

तोवर आपण थांबून राहायचे का? नाही. विहारात एक भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिथून तीन मीटरवर खडूची रेघ मारा. म्हाताऱ्या माणसाने खुर्चीतून उठून, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जाऊन, वळून, परत येऊन बसायचे. काठी लागत असेल तर ती घ्यायची. सोबत एकाने जवळ राहायचे, दुसऱ्याने साध्या मोबाइलवर वेळ मोजायची. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून आरोग्य केंद्रात दाखवा. वहीत तारीख आणि सेकंद लिहा, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. वंदनेनंतर पंधरा मिनिटांत चार-पाच जणांचे होते. आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना वृद्धांना सांगते. खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभे राहणे, एका रेषेत चालणे, एवढ्याने सुरुवात होते.

आपल्या वडीलधाऱ्यांचे श्रम कुणी कधी धड मोजलेच नाहीत, ना मजुरीत, ना कागदावर. नव्या यंत्रांतही तेच होऊ द्यायचे नसेल तर यंत्र तयार होत असतानाच आपण बोलले पाहिजे. येत्या रविवारी खुर्ची आणि खडू घेऊन विहारात या. सुरुवात आपल्या आजीपासून करू.

जय भीम.