हसणाऱ्यांनो, एकदा पाना हातात धरा



चार दिवस झाले, रिपरिप थांबेना. वाफसा नाही, कोळपणी बंद, फवारणीचं तर नावच नको. असे दिवस आले की गावातल्या दर दुसऱ्या ओसरीवर एकच देखावा दिसतो. पोतं अंथरलेलं, मोटारसायकल डबल स्टँडवर, शेजारी तीन पाने, एक पक्कड, एक हातोडी. आणि भोवती चार हसणारे.

आजची नोंद त्या चौघांसाठी आहे. गाडी खोलून बसलेल्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझ्याकडं पान्यांची पेटी बऱ्यापैकी आहे, म्हणून गाडी अडली की लोक येतात. दिवसा कमी, अंधार पडल्यावर जास्त. आलेला माणूस आधी मागं वळून बघतो, कुणी ऐकत नाही ना. मग हळूच म्हणतो, "भाऊ, आटे गेले वाटतं." जसा काही घरातला नाजूक आजार सांगतोय. पाच रुपयांच्या बोल्टची एवढी लाज कशाला? तर पारावरच्या त्या चौघांमुळं. एकदा का कळलं, की वर्षभर त्याचं नावच 'इंजिनियर' पडतं.

आता आपण नेमकं कशाला हसतो ते बघू.

सगळ्यात जास्त हसू किल स्विचचं. गाडी धुताना फडका लागून लाल बटण बंद झालेलं असतं. मग किका मारून पाय भरून येतो, प्लग काढून होतो, दोन पोरं गाडी पांदीपर्यंत ढकलत नेतात. शेवटी सातवीतलं पोरगं येऊन बटण दाबतं आणि गाडी चालू. यावर हसा बाबांनो, पोटभर हसा. यात कुणाचं काही गेलं नाही. माझं भांडण याच्या पुढच्या हसण्याशी आहे.

ऑइल बदलताना खालच्या ड्रेन बोल्टचे आटे जातात. का जातात? एक तर माणूस गाडीखाली आडवा झाला की डावं-उजवं उलटं होतं, आणि सोडवायचा म्हणून तो बोल्ट आवळतच राहतो. दुसरं म्हणजे ताकदीचा अंदाज. बोल्ट लोखंडी आणि इंजिनचा तळ ॲल्युमिनियमचा, म्हणजे मऊ. अशा बोल्टला साधारण 25 न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ पुरतो. आपल्या भाषेत सांगायचं तर वीतभर, 25 सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलोचा जोर. तोच दहा किलोचा जोर पान्यावर मीटरभर पाइप चढवून लावला, तर पीळ चौपट झाला. नांगराच्या फाळाचे बोल्ट ताणून आवळायची ज्याला सवय, त्याच्या हातून हे आटे जाणारच. तो माणूस मूर्ख नाही. त्याला धातू मऊ आहे हे कुणी सांगितलेलं नाही, इतकंच. मग लेथवाल्याकडं जाऊन नवं बुश बसवून घ्यावं लागतं. ज्याचे आटे गेले त्याने हे पारावर मोकळेपणानं सांगितलं असतं, तर पुढच्या दहा जणांचे वाचले असते.

ऑइलचंही तेच. घरात कारच्या ऑइलचा अर्धा डबा उरलेला असतो, तो गाडीत ओतला जातो. आठवड्यात क्लच घसरायला लागतो, इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. कारण गिअरच्या बहुतेक मोटारसायकलींत क्लचच्या प्लेटा इंजिनच्याच ऑइलात बुडालेल्या असतात. कारच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारे घटक असतात, ते इंजिनला चांगले आणि क्लचला वाईट. यासाठीच जपानी वाहन उद्योगाने 1998 मध्ये दुचाकीच्या ऑइलासाठी 'जासो' हे वेगळं मानक काढलं. डब्याच्या मागं 'जासो एमए' किंवा 'एमए टू' लिहिलेलं असेल तर ते ओल्या क्लचला चालतं. 'एमबी' हे स्कूटरसाठी. हे तीन शब्द ज्याला ठाऊक नाहीत त्याला हसायचं, की डबा उलटा करून दाखवायचा?

कुणी ऑइल मोजायची काडी पूर्ण आवळून पातळी बघतो. बऱ्याच गाड्यांत ती काडी न आवळता नुसती टेकवून बघायची असते. मग पातळी चुकते आणि ऑइल जास्त पडतं. जास्तीच्या ऑइलाला फेस येतो, आणि ते हवेच्या नळीतून फिल्टरमध्ये चढतं. कुणी फवारणीच्या एचटीपी पंपाची गन सरळ चाकाच्या मध्यावर धरतो. गाडी चकाचक दिसते, पण पाणी बेअरिंगमध्ये शिरून ग्रीस धुऊन नेतं. महिन्याभरात चाक घरघरायला लागतं. कुणी बॅटरी काढताना आधी प्लसची वायर सोडतो, पाना चॅसीला टेकतो आणि ठिणगी पडते. आधी मायनस काढायची, लावताना मायनस शेवटी. एवढंच.

इथपर्यंत पैशाचं नुकसान झालं. आता जिवाचं.

मागचं चाक पंक्चरसाठी घरीच काढणारे आपल्याकडं खूप. ड्रम ब्रेकच्या गाडीला मागं एक लोखंडी पट्टी असते. ती ब्रेकच्या प्लेटला धरून ठेवते, म्हणजे ब्रेक मारल्यावर प्लेट चाकाबरोबर फिरत नाही. आमच्या शिवारातल्या एकाने चाक परत बसवलं, आणि पोत्यावर एक नट उरला. भोवती तेच चौघे उभे. एकजण म्हणाला, "काय इंजिनियर, कंपनीनं जास्तीचा दिला काय?" सगळे हसले. यानेही हसून तो नट खिशात टाकला. मला हे त्याने पुढं स्वतः सांगितलं. म्हणाला, "मला कळलं होतं भाऊ, हा कुठला तरी आहे. पण तिथं परत चाक खोलायची लाज वाटली. म्हणलं, सकाळी बघू."

सकाळी त्याच्या उठायच्या आत भाचा गाडी घेऊन बाजाराला गेला. उतारावर ब्रेक दाबला, पट्टीचा बोल्ट निसटला, प्लेट फिरली, चाक जाम झालं. पोरगं वाचलं, पण गळपट्टीचं हाड मोडलं आणि ऐन कापूस वेचणीत दीड महिना हात गळ्यात.

आता मला सांगा, चूक कुणाची? नट राहिला ही चूक खरीच. पण ती दहा मिनिटांत दुरुस्त होणारी होती. ती रात्रभर खिशात राहिली ती तुमच्या हसण्यामुळं. नट त्याचा होता, खिसा तुम्ही शिवून दिला.

घरी दुरुस्त केलेली गाडी एकट्याची नसते हे आपण विसरतो. तिच्यावर पोरगी कॉलेजला जाते, म्हातारी दवाखान्यात जाते, शेजारी मागून नेतो. खोलणाऱ्याची लाज ही त्या सगळ्यांना चिकटलेली जोखीम असते.

चेनचंही तसंच. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडका लावणारे अजून दिसतात. फडका स्पॉकेटमध्ये ओढला जातो, आणि त्याच्या मागं बोटं. चेनच्या जोडाची क्लिप उलटी बसवणारेही असतात. क्लिपची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी. उलटी बसली तर कशाला तरी अडून निसटते आणि चालत्या गाडीची चेन सुटते. कुणाचं बोट गेलं की विचारल्यावर उत्तर मिळतं, "कडबाकुट्टीत गेलं." तिथंही लाजच. मग पुढच्याला चेनपासून सावध कोण करणार?

काहीजण म्हणतील, हसल्याशिवाय माणूस शिकत नाही. मी उलटं बघितलंय. हसल्यावर माणूस एकच गोष्ट शिकतो, लपवायची.

दुसरे म्हणतील, कशाला खोलता, गॅरेजला न्या की. बरोबर आहे, काही कामं न्यावीच. पुढचं शॉक, इंजिन, डिस्क ब्रेकचं ऑइल, हे ओसरीवरचं काम नव्हे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहाच्या गाड्या आल्या. त्यांच्या इंजेक्शनच्या वायरिंगमध्ये तर अंदाजानं हात घालूच नये. पण चेन साफ करणं, ऑइल बदलणं, प्लग बघणं यासाठी पेरणीच्या दिवसांत वीस किलोमीटर जाऊन अर्धा दिवस बसायचं का? ट्रॅक्टरचं ग्रीसिंग घरी करतोच ना आपण? ज्याने पाना धरायचं सोडलं, त्याला गाडीचा आवाज बदललेलाही कळत नाही.

आणि चूक फक्त ओसरीवर होते असं कुणी समजू नये. 10 जून 1990 ला ब्रिटिश एअरवेजचं विमान बर्मिंगहॅमहून मालागाला निघालं, आणि हवेतच पायलटच्या समोरची काच निघून गेली. कॅप्टन टिम लँकेस्टर अर्धे बाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं आणि सगळे वाचले. कारण काय निघालं? काच थोड्याच वेळापूर्वी बदलली होती. 90 पैकी 84 बोल्ट मिलीमीटरपेक्षाही कमी फरकानं बारीक होते. जुना बोल्ट हातात धरून, डोळ्याच्या अंदाजानं तसाच दिसणारा निवडला होता. आपण डब्यातून बोल्ट निवडतो अगदी तसाच. काम करणारा नवशिका नव्हता, अनुभवी होता. पण तिथं पुढं काय झालं ते बघा. कुणी पारावर बसून खिदळलं नाही. उजेड किती होता, घाई कशाची होती, काम दुसऱ्या कुणी तपासलं का नाही, हे सगळं शोधून छापलं, म्हणजे पुढच्याने वाचावं. विमानाला जे चालतं ते आपल्या शंभर सीसीला का चालू नये?

आता थोडं कृषी खात्यातल्या आणि विज्ञान केंद्रातल्या मित्रांशी. साहेब, हे पान तुम्हीही वाचता म्हणून बोलतो. पान्याची आणि पंपाची गोष्ट एकच आहे. टू-फोर-डी मारलेला पंप नीट न धुता कपाशीवर चालवला की पानं निमुळती, पंजासारखी होतात. शेतकरी तुम्हाला फोटो दाखवून विचारतो, "साहेब, कुठला व्हायरस आला?" त्याला आतून ठाऊक असतं पंपाचं. पण सांगितलं तर तुम्ही चारचौघांत हसाल, म्हणून तो व्हायरसचं औषध घेऊन घरी जातो. चुकीच्या रोगावर पैसे जातात आणि तुमच्या वहीत चुकीची नोंद होते. आपल्याकडं यशोगाथा छापायला पानंच्या पानं आहेत. एकरी इतकं, खर्च तितका, फेटा बांधलेला फोटो. फसगतीला मात्र चौकोनभर जागा नाही. खरं ज्ञान तर तिथंच पडलेलं असतं.

म्हणून त्या चौघांना सांगणं एवढंच. उद्या कुणी पोत्यावर गाडी मांडून बसला असेल तर बाजूला उकिडवे बसा आणि तीन गोष्टी विचारा. काय काय खोललं होतं? पोत्यावर काय उरलं? आणि उद्या ही गाडी कोण नेणार आहे? तिसऱ्या प्रश्नाला घाबरून माणूस आपोआप दुसऱ्याचं खरं उत्तर देतो. एखादा नट उरला असेल तर म्हणा, "चल, परत खोलू, मी बॅटरी धरतो." मोबाइल हातात असतोच तुमच्या. त्याच्या फजितीचा व्हिडिओ काढायच्या ऐवजी खोलण्याआधी प्रत्येक भागाचा फोटो काढून द्या. बसवताना तोच उपयोगी पडतो.

आणि खोलणाऱ्याला सांगतो, गाडीबरोबर आलेलं पुस्तक कपाटातून काढा. चेन किती ढिली ठेवायची, ऑइल किती, कोणता प्लग, सगळं त्यात आहे. चेन आणि ब्रेकचं काम अंधारात करू नका. काम झालं की गाडी कुणाला देण्याआधी अंगणात हळू चालवून दोन्ही ब्रेक मारून बघा. निघालेलं काळं ऑइल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.

माझी पेटी नेहमीसारखी ओसरीवर आहे. पाना न्यायला उजेडी या. खाली लिहा, कुठला बोल्ट कसा दगा देतो ते. नाव नसलं तरी चालेल, गाडी आणि बोल्ट लिहा. हसायचं इमोजी टाकणाऱ्याला मात्र या पानावरून सरळ बाहेरची वाट दाखवली जाईल.