कुंभकोणमची घरगुती मराठी

दारावर तामिळ पाटी आणि आत स्वयंपाकघरात मराठी! तामिळनाडूतल्या कुंभकोणमला एखाद्या घरी असे ऐकू आले, तर दचकू नका. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी १६७०च्या दशकात तंजावरच्या गादीवर बसले आणि अनेक मराठी कुटुंबे कावेरीकाठी रुजली. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले. १८५५ मध्ये राज्य गेले; घरातली बोली राहिली.

तिला शेजारही चांगला लाभला. हिंदीत 'ळ' नाही, तामिळमध्ये 'ळ' आहे आणि 'ण'ही. 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक हिंदीभाषकाला समजावून सांगावा लागतो. तामिळ माणूस 'नांगळ' आणि 'नाम' म्हणत तो रोजच पाळतो. 'येतो म्हणून सांगितले' यातला 'म्हणून' घ्या. तामिळ 'एन्रु' हेच काम करतो आणि तोही 'म्हणणे' या अर्थाच्या क्रियापदापासूनच आलेला. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा, पण वळण किती सारखे!

पंचाईत होते ती लिहिताना. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे गठ्ठे आहेत, पण घरात मोडी वाचणारे कोण उरले? शाळेत तामिळ शिकलेल्यांना देवनागरीही परकीच. मग मराठी उतरवायची ती तामिळ अक्षरांत. तिथे क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर! आजीने नातीसाठी 'खाणे' लिहिले काय किंवा 'गाणे' लिहिले काय, कागदावर दोन्ही सारखेच. नेमके काय ते आजीलाच विचारायचे.