गुडयेमची आजी आणि ‘माझी पुस्तक’

डेन्मार्क म्हणजे सपाट देश, असं मी ऐकून होतो. ऑफिसच्या कामानं कोपनहेगनला गेलो तेव्हा ते पटलंही. तासभर सायकल चालवली तरी दम लागत नाही. पण सुट्टी आली तेव्हा एक सहकारी म्हणाला, “चढ बघायचा असेल तर बोर्नहोल्मला जा.”

बोर्नहोल्म हे बाल्टिक समुद्रातलं बेट. आहे डेन्मार्कचं, पण स्वीडनला जास्त जवळ. त्यामुळे डेन्मार्कमधून डेन्मार्कलाच जायला मी आधी पूल ओलांडून स्वीडनमध्ये शिरलो, इस्टाडच्या बंदरात फेरीबोट पकडली आणि सुमारे ८० मिनिटांनी बेटावर रोन्नेला उतरलो. तिथून बसनं गुडयेम.

हजारभरही वस्ती नसलेलं हे गाव ग्रॅनाइटच्या उतारावर वसलंय. लाल कौलांची, पिवळ्या-तांबड्या भिंतींची घरं जणू एकमेकांच्या खांद्यावर उभी. गल्ल्या थेट बंदरात उतरतात. उतरताना मजा, चढताना पोटऱ्या भरून येतात. खडक उन्हानं तापून राहतो, म्हणून एवढ्या उत्तरेला अंजिराची झाडंही दिसतात.

बंदराजवळ आल्डरच्या लाकडाच्या धुरावर हेरिंग मासे भाजतात. इथल्या प्रसिद्ध पदार्थाचं नावच ‘गुडयेमवरचा सूर्य’. काळसर राय ब्रेडवर धुरकट मासा, बारीक चिरलेली पात आणि मधोमध कच्च्या अंड्याचा पिवळा बलक. बलक बघून मी जरा बिचकलो, पण दुसरा घास घ्यायला वेळ लागला नाही.

मी उतरलो होतो ते घर एका आजींचं. त्या फोनवर मैत्रिणीशी बोलत होत्या. माझ्या कानाला ते कोपनहेगनच्या डॅनिशपेक्षा वेगळं वाटलं. विचारलं तर म्हणाल्या, “ही आमची बोर्नहोल्मची बोली. तुमच्या ऑफिसातल्यांना निम्मी कळायची नाही.”

मग त्यांनी इतिहास सांगितला. १६५८ मध्ये डेन्मार्क युद्ध हरला आणि समोरचा स्कोने प्रांत आणि हे बेट, दोन्ही स्वीडनला गेली. त्याच वर्षी बेटावरच्या लोकांनी बंड केलं आणि बेट पुन्हा डेन्मार्कला जोडलं. स्कोने मात्र स्वीडनमध्येच राहिला. बोलीची जवळची भावंडं पलीकडे, देश अलीकडे!

आणि एक गोष्ट ऐकून मी खुर्चीतच सरसावून बसलो. प्रमाण डॅनिशमध्ये आता दोनच लिंगं उरलीत. बोर्नहोल्मच्या बोलीत पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग अशी तिन्ही आहेत. अगदी आपल्यासारखी!

आपल्यासारखी म्हणालो खरा, पण लगेच माझी लेक आठवली. इंदूरच्या आमच्या घरात ती “माझी पुस्तक कुठे आहे?” असं विचारते. हिंदीत दोनच लिंगं, मग तिचं नपुंसकलिंग कधीच गळून पडलंय. आणि ती असं बोलली की आम्ही सगळे हसतो. प्रेमानंच, पण हसतो.

मी आजींना विचारलं, “तुमची नातवंडं ही बोली बोलतात का?”

“कळते त्यांना. उत्तर डॅनिशमध्ये देतात.” थोडं थांबून म्हणाल्या, “माझा मुलगा शिकायला कोपनहेगनला गेला. तिथे त्याच्या बोलण्याला हसले. सुट्टीत घरी आला तेव्हा त्यानं बोलणं बदललेलं होतं. नातवंडांपर्यंत मग काय पोचणार?”

मला माझं पुणं आठवलं. पहिल्या नोकरीत मी “काम करून राहिलोय” म्हणालो आणि अख्खी टीम हसली होती. पुढे कितीतरी दिवस मी मराठी सहकाऱ्यांशीही इंग्रजीतच बोलायचो. ते हसू मला टोचलं होतं, आणि तेच हसू मी घरी पोरीसमोर हसत होतो.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर लेक म्हणाली, “बाबा, माझ्यासाठी तिथली एक पुस्तक आण.”

मी हसलो नाही. म्हटलं, “आणतो की. कसलं पुस्तक हवंय तुला?”

“चित्रांचं,” ती म्हणाली.