श्वाससुद्धा रोखीनेच विकत घ्यायचा का?



आपल्याकडे घोरणारा माणूस म्हणजे चेष्टेचा विषय. 'बघा कसा गाढ झोपलाय' म्हणून घरचे हसतात. पण घोरता घोरता मध्येच आवाज थांबत असेल, दहा-वीस सेकंद श्वास बंद पडत असेल आणि माणूस गुदमरून दचकत असेल, तर ती गाढ झोप नसते. तो आजार असतो. डॉक्टर त्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू घसरतो आणि मेंदू माणसाला जागे करतो. तासाला असे ५ ते १५ अडथळे आले तर आजार सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. तीव्र म्हणजे रात्रभर दर दोन मिनिटांनी गळा आवळला जाणे. उपचार झाला नाही तर रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो.

आंबेडकरी चळवळीने या विषयावर का बोलायचे? कारण या आजाराचे ठळक लक्षण आहे दिवसा झोप येणे. आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाला ही व्यवस्था त्याची जात बघून नाव ठेवते. साहेब खुर्चीत पेंगले तर 'कामाचा ताण'. त्याच कार्यालयातला आपला शिपाई पेंगला तर 'आळशी, कोट्यातून आलेला'. रात्रपाळीचा वॉचमन, एमआयडीसीतला कंत्राटी कामगार, नांदेड-लातूर रस्त्यावर टेम्पो चालवणारा पोरगा, यांच्या पेंगण्याला कोणी आजार म्हणत नाही. ज्याला तपासणीची चिठ्ठी मिळायला हवी त्याच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडते. ड्रायव्हरचा डोळा लागला तर जीवच जातो, आणि दोष त्याच्याच माथी मारला जातो.

या आजारावर उपाय आहे. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा सौम्य दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवण्याची पद्धत जगापुढे मांडली. तेच सीपॅप यंत्र. रोज रात्री मास्क लावून झोपायचे, बस. पण चांगल्या यंत्राला तीस-चाळीस हजार रुपये सहज लागतात. मास्क आणि फिल्टरचा खर्च पुन्हा पुन्हा येतो. महिन्याला दहा-बारा हजारांवर घर चालवणाऱ्याने ते आणायचे कुठून?

'आरोग्य विमा आहे ना!' असे कोणी म्हणेल. मग विम्याचे कलम वाचूया. नेहमीची पॉलिसी २४ तास दाखल होऊन घेतलेल्या उपचाराचे पैसे देते. केवळ तपासणीसाठी दाखल झालात तर तो खर्च वगळलेला, म्हणजे झोपेची चाचणी खिशातून. पुढे यंत्र. विमा नियामकाच्या यादीत सीपॅप हा रुग्णालयातील उपचाराच्या खर्चातच धरायचा घटक आहे, त्याचे वेगळे पैसे नाहीत. घरी न्यायचे यंत्र तर कित्येक पॉलिसींनी सीपॅपचे नाव घेऊन वगळलेले आहे.

आता याच व्यवस्थेतली विसंगती बघा. सप्टेंबर २०१९ च्या नियमांनुसार लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च सहसा मिळत नाही. पण बीएमआय ३५ किंवा अधिक असेल, वजन घटवण्याचे साधे उपाय फसले असतील आणि सोबत तीव्र स्लीप अॅप्निया असेल, तर तो मिळू शकतो. म्हणजे हा आजार गंभीर आहे हे विमा कंपन्यांना मान्य आहे. त्यासाठी पोट कापायचे पैसे त्या देतील, पण पोट न कापता श्वास चालू ठेवणाऱ्या, कितीतरी स्वस्त यंत्राचे देणार नाहीत! याला कोणते शास्त्र म्हणायचे?

सरकारी योजनेकडे वळूया. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना राज्यातील ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात नांदेड होते. लातूरला ती २०१३ मध्ये पोहोचली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. संरक्षण आता पाच लाखांपर्यंत गेले, त्याचे स्वागतच आहे. पण योजनेचा पाया अजूनही रुग्णालयातील पॅकेजचा आहे. पक्षाघात होऊन दाखल व्हा, मग योजना धावून येईल. तो पक्षाघात टाळू शकणारे यंत्र घरी न्यायचे म्हटले की हात वर.

मग हे यंत्र सरकारी पैशातून देताच येत नाही का? येते. केंद्र सरकारचे कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारक यांच्यासाठी असलेल्या सीजीएचएसमध्ये तज्ज्ञांची शिफारस आणि चाचणीचा अहवाल असेल तर ठरलेल्या कमाल दरात सीपॅपचा खर्च मिळतो. म्हणजे नियम तयार आहेत, दर ठरलेले आहेत, गैरवापर रोखायच्या अटीही आहेत. 'लोक यंत्र घेऊन विकून टाकतील' हा आक्षेप दिल्लीच्या अधिकाऱ्याबाबत आड येत नाही. तो वस्तीतल्या माणसाबाबतच का आठवतो?

बाबासाहेबांनी या प्रश्नाचे मूळ फार आधी ओळखले होते. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये दिला. त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर विमा ही राज्याची मक्तेदारी असावी, अशी स्पष्ट मागणी बाबासाहेबांनी केली. आज आपण उलट्या दिशेने चाललो आहोत. विम्यातील परकीय गुंतवणुकीची मर्यादा २०२१ मध्ये ७४ टक्के झाली आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात १०० टक्क्यांची घोषणा झाली. नफ्याचे गणित मांडणारा विमा घरातल्या यंत्राला 'वस्तू' म्हणणारच. त्याला 'उपचार' म्हणायला राज्याने भाग पाडले पाहिजे.

आपल्यातलेच काही म्हणतील, 'अरे, इथे साधी औषधे मिळत नाहीत, तू यंत्राचे काय घेऊन बसलास?' ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले, हे आपण विसरलेलो नाही. तिथल्या अधिष्ठात्यांना एका खासदाराने शौचालय साफ करायला लावले आणि अॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, हेही विसरलेलो नाही. पण औषध की यंत्र, अशी निवड आपल्यापुढे ठेवणे हाच मुळात डाव आहे. श्रीमंतांना कधी कोणी असे विचारले आहे का? सन्मानाने जगण्याचा अधिकार हप्त्या-हप्त्याने मागायचा नसतो.

आता करायचे काय? ज्याच्याकडे पॉलिसी आहे त्याने आजार लपवू नये. लपवला तर पुढचा प्रत्येक दावा अडकतो. आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा १ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांची आहे. काही पॉलिसींत घरी वापरायच्या उपकरणांचे जादा संरक्षण मिळते, ते घेण्यापूर्वी कलम वाचा. चाचणीचा अहवाल, डॉक्टरांची लेखी शिफारस आणि बिल जोडून दावा लेखीच करा. नकार आला तर कोणत्या कलमाखाली आला हे लेखी मागा. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. महिनाभरात न्याय मिळाला नाही तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. कलम स्पष्ट असेल तर तिथेही हरू शकतो, हे खरे आहे. पण नकाराचा प्रत्येक कागद हा आपल्या लढ्याचा पुरावा आहे.

कारण खरी लढाई कलम बदलण्याची आहे. झोपेची चाचणी आणि सीपॅप फुले योजनेत घ्या. नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत यंत्रांची पेढी उभारा. रुग्णाने यंत्र वापरावे, गरज संपली की परत करावे. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा इतरत्र वळवण्यापेक्षा इथे लावा. कार्यकर्त्यांनो, माहितीच्या अधिकारात दोन्ही महाविद्यालयांना विचारा: झोपेची चाचणी होते का, किती रुग्णांची झाली, किती दिवस थांबावे लागते? उत्तरे हातात घेऊन जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्या. चौदा एप्रिलच्या आरोग्य शिबिरात साखर आणि रक्तदाबासोबत एवढे तीन प्रश्नही विचारा: घोरता का? झोपेत श्वास अडकतो का? दिवसा पेंग येते का?

ज्या महात्म्याने आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, त्याच्या नावाची योजना आज आपल्याला श्वास नाकारते आहे. ते नाव सार्थ करायला सरकारला भाग पाडणे, हे आपले काम आहे.

जय भीम! जय संविधान!