दहा वर्षांचा आराखडा, तीन वर्षांचा साहेब

कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या मधून राष्ट्रीय महामार्ग जातो. हे वाक्य एकदा सावकाश वाचा. जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं जंगल, त्याला कायद्याचं संरक्षण, आणि त्याच्या पोटातून मुंबई-गोवा रस्ता: ट्रेलर, टँकर, एसटी, रात्रंदिवस कर्कश हॉर्न. पक्ष्यांसाठी राखलेली जागा आम्ही अशी राखतो, असं कुठल्याही शहाण्या माणसाला सांगून बघा. आम्हा पनवेलकरांना मात्र याचं काही वाटेनासं झालंय. आम्ही तिथून पेणला जातो, गणपतीत गावी जातो, खिडकीतून कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसला की पोरांना दाखवतो आणि पुढच्या खड्ड्याची काळजी करू लागतो.

१९६८ साली हे अभयारण्य झालं तेव्हा ते साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं. २००३ मध्ये ते वाढवून बारापर्यंत नेलं. सरकारने कर्नाळ्यासाठी केलेली ही सर्वांत शहाणी गोष्ट, आणि तिचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्यानंतर? २०११ पासून पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्याच पट्ट्यात हे जंगल आहे. आधी क्षेत्र वाढवायचं, मग मधली चीर रुंद करायची, आणि या दोन्हींना मिळून दूरदृष्टी म्हणायचं, ही निव्वळ लबाडी आहे.

मारुती चितमपल्लींसारख्या वनाधिकाऱ्याचा हात या अभयारण्याला लागलेला आहे. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. फ्लेक्स लागतात, भाषणं होतात, शाळेच्या मुलांना टोप्या वाटल्या जातात. चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले. त्यांच्या नावाने आठवडा पाळणाऱ्यांना मला एकच विचारायचंय: ज्या अभयारण्यासाठी हा माणूस राबला, त्याचा व्यवस्थापन आराखडा तुमच्यापैकी कितीजणांनी डोळ्यांनी पाहिलाय?

आराखडा ही फालतू चीज नाही. जंगलात काय आहे, ते कशामुळे जातंय, ते जाऊ नये म्हणून पुढची दहा वर्षं काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, याचा तो लेखी करार असतो. तो कसा लिहावा याचं देशभर वापरलं जाणारं मार्गदर्शक पुस्तक व्ही. बी. सावरकर या, मेळघाटात काम केलेल्या वनाधिकाऱ्याने लिहिलं. म्हणजे विद्या घरचीच आहे. आणि कायदा? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. वाघाला कायद्याने बंधनकारक आराखडा मिळाला २००६ च्या दुरुस्तीत. साध्या अभयारण्याचं व्यवस्थापन मंजूर आराखड्यानुसारच झालं पाहिजे, हे कायद्याच्या कलमात यायला २०२२ उजाडलं. पन्नास वर्षं! पन्नास वर्षं आपली अभयारण्यं परिपत्रकांवर आणि एखाद्या भल्या रेंजरच्या जिवावर तगली.

आता या दीर्घकालीन नियोजनाचं गणित मांडू. आराखडा दहा वर्षांचा. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे अधिकाऱ्याचा एका जागेवरचा सर्वसाधारण काळ तीन वर्षांचा. पहिला साहेब आराखडा लिहून घेतो, दुसरा कपाटात ठेवतो, तिसऱ्याला किल्ली सापडत नाही आणि चौथा नवा लिहायला घेतो. दहाव्या वर्षी जाब कुणाला विचारायचा? जबाबदारी अशी पातळ केली की ती कुणाच्याच कपाळी लागत नाही. माणसं वाईट असतात असं मी म्हणत नाही. वनरक्षक पावसात जळवा झटकत फिरतो, वणवा विझवतो. पण त्याच्या डोक्यावरची यंत्रणा निर्लज्ज आहे.

या यंत्रणेला बांधकामाचं विलक्षण आकर्षण आहे. कमान दिसते, फीत कापता येते. झाड वाढू दिलं, ओढा मोकळा ठेवला, तर फोटो कशाचा काढणार? म्हणून पक्ष्यांना बघायला आलेल्या लोकांना कर्नाळ्यात वर्षानुवर्षं पिंजऱ्यातले पक्षी दाखवले गेले. अभयारण्यात पिंजरे! मुक्त पक्ष्यांच्या राखीव जंगलात कैदी पक्ष्यांचं प्रदर्शन भरवणाऱ्या डोक्यांकडून पर्यावरणीय दूरदृष्टीची अपेक्षा कशी करायची?

तिबोटी खंड्या घ्या. रायगड जिल्ह्याचा हा मानाचा पक्षी. वजन वीस ग्रॅमच्या आत. मान्सूनबरोबर येतो, ओढ्याकाठच्या मऊ मातीच्या कड्यात आडवं बीळ खोदतो, सापसुरळ्या, बेडूक, लहान खेकडे पकडून पिल्लांना भरवतो आणि पाऊस सरला की जातो. त्याला हवा असतो एक कच्चा काठ, वर दाट सावली आणि थोडी शांतता. तुम्ही ओढ्याचा काठ सिमेंटने बांधून काढलात, पायवाटेला भक्कम संरक्षक भिंत घातलीत, की त्याचं घर संपलं. ते काम कागदावर मृदसंधारण म्हणून नोंदलं जाईल आणि जिल्ह्याचा पक्षी जिल्ह्यातच बेघर होईल. बिळासमोर कॅमेऱ्यांच्या नळकांड्या रोखून तासन्‌तास बसणाऱ्यांनाही हेच ऐकवतो. पिल्लं उपाशी ठेवून काढलेल्या फोटोला निसर्गप्रेम म्हणायची हिंमत करू नका.

हा पक्षी प्रवास करतो रात्री. जूनच्या सुरुवातीला कोकणात आणि मुंबईच्या आसपास इमारतींच्या काचांवर आपटून पडलेले तिबोटी लोकांना सापडतात. आता सांगा, अभयारण्याच्या हद्दीत थांबणारा आराखडा या पक्ष्याला वाचवणार कसा? हद्दीबाहेर काय चाललंय ते पनवेलच्या कुठल्याही गच्चीवरून दिसतं. उलव्याची टेकडी सुरुंगांनी फोडली, नदीचा प्रवाह वळवला, ११६० हेक्टरांवर विमानतळ उभा केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्याच्या प्रभावक्षेत्रासाठी, म्हणजे 'नैना'साठी, सिडको २०१३ पासून नकाशे रंगवतेय. वन खात्याचा नकाशा वेगळा, सिडकोचा वेगळा, महामार्गवाल्यांचा तिसराच. जमीन तीच, पाऊस तोच, पक्षी तेच!

अभयारण्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जाहीर होतं, तेव्हा त्या अधिसूचनांमध्ये एक ठरलेली अट असते: राज्य सरकारने दोन वर्षांत त्या क्षेत्राचा महायोजना आराखडा करावा, स्थानिकांशी बोलून करावा. कर्नाळ्याभोवती असं क्षेत्र आहे. खाण, क्रशर, फार्महाउस, रिसॉर्ट यांचा फैसला त्याच कागदावर व्हायचा असतो. मग तो कागद तारा, चिंचवण, कल्हे या गावांच्या चावडीवर का लागलेला दिसत नाही? बिल्डरच्या माहितीपत्रकात डोंगराचं चित्र मात्र ताबडतोब छापून येतं.

अमेरिकेने १९९७ मध्ये कायदा करून आपल्या राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांसाठी सर्वंकष संवर्धन आराखडा सक्तीचा केला. तो दर पंधरा वर्षांनी नव्याने करायचा आणि मसुदा लोकांसमोर ठेवायचा. तिथे स्वर्ग अवतरलाय असं मी म्हणत नाही. पण मसुदा जनतेसमोर ठेवल्याने आभाळ कोसळत नाही, एवढं त्यातून सिद्ध होतं. आपल्या २०२२ च्या दुरुस्तीतही वनहक्क कायदा लागू असलेल्या ठिकाणी ग्रामसभेशी सल्लामसलत करूनच आराखडा करावा, असं स्पष्ट आहे. कर्नाळ्याच्या भोवती ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. कुठला ओढा मे महिन्यापर्यंत टिकतो, कुठल्या उंबरावर हरियाल उतरतात, हे तिथल्या म्हाताऱ्यांना सल्लागार कंपनीपेक्षा जास्त कळतं. त्यांना चहा पाजून सही घेणं म्हणजे सल्लामसलत नव्हे.

"पक्षी काय हो, उडून जातील दुसरीकडे." सुशिक्षित, चारचाकीवाले लोक हे बोलतात. कुठे उडून जातील? टेकडी तुम्ही फोडलीत, खाडी भरलीत, खारफुटी तोडलीत. दाट छताखाली जगणारा कर्णा पक्षी तुमच्या टॉवरच्या नवव्या मजल्यावर कुंडीत राहणार आहे का?

म्हणून पनवेलकरांनो, पुढचा आराखडा होईल तेव्हा तो मराठीत मागा. त्यात कुठलं बांधकाम होणार नाही हे आधी लिहून घ्या. महामार्गावर कर्नाळा खिंडीत वेगाची आणि हॉर्नची मर्यादा, ती मोडणाऱ्याला दंड आणि तो वसूल करणाऱ्याचं पद, हे सगळं त्यात नमूद करायला लावा. दरवर्षी तिबोटीची बिळं किती आणि पिल्लं किती उडाली, याची मोजणी फाटकावर लावायला सांगा. साहेब बदलला तर नव्या साहेबाने पहिल्या महिन्यात ग्रामसभेत उभं राहून तो आराखडा वाचून दाखवावा. आणि हे होत नाही तोवर कर्नाळ्याच्या फाटकाआत सिमेंटचं एक घमेलंही जाऊ देऊ नका.